सोनेरी बगळ्यांची भिंत

विठ्ठल! विठ्ठल! — अहो, जोरात! देव बहिरा नाही हे मलाही माहीत आहे, पण आपण मुके आहोत असं त्याला वाटायला नको! हां, आता झालं. मागच्या खांबाला टेकलेले काका सोडून सगळ्यांचा आवाज आला.

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. प्रश्न सोपा आहे, उत्तर देताना घाम फुटेल. घर कुणाचं? सांगा! कागदावर ज्याचं नाव त्याचं? ते झालं वकिलाचं उत्तर. जो दारातून आत येतो, मान वर करून छत बघतो आणि "वा! वा!" म्हणतो, त्याचं? की जो त्या घरात झोपतो, खोकतो, कोपऱ्यात औषधांच्या बाटल्या मांडतो, त्याचं?

हसू नका. आज मी हसवायला उभा नाही. इतर दिवशी भक्ती सांगतो, आज भीती सांगणार आहे. भक्ती कानातून आत जाते आणि पायरी उतरेपर्यंत दुसऱ्या कानातून निघूनही जाते. भीती राहते. म्हणून आज भीती!

आख्यान पुराणातलं नाही. नाशिकचं आहे. ज्याच्या घरात घडलं त्यानंच मला येऊन सांगितलं. म्हणाला, "बुवा, गोष्ट सगळ्यांना सांगा, नावं तेवढी झाका." म्हणून मी नावं माझ्या मनची ठेवतो. सांगणाऱ्याचं नाव मिलिंद खासनीस. बायको आसावरी. आणि मिलिंदची आई द्वारकाबाई. तीन माणसं, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, बस्स! यापेक्षा जास्त माणसं आपल्या भास्कररावांच्या तबल्याला झेपत नाहीत!

तर आसावरीनं घराचं नूतनीकरण काढलं. आता स्त्रीनं घर सजवावं, यात वाईट काय? काही नाही! हौस आहे, नजर आहे, नवऱ्याची हरकत नाही. नवरे कधी हरकत घेतात! तिनं ठरवलं — सगळं घर आशियाई पद्धतीचं करायचं. मी मिलिंदला विचारलं, "आशियाई म्हणजे? नाशिक काय आफ्रिकेत होतं?" तो म्हणाला, "तसं नाही बुवा. जपान, बाली, चीन, असं सगळं."

झालं! शिसवी सोफा गेला, ठेंगणं टेबल आलं. भोवती जमिनीवर गाद्या. अहो, आमचे आजोबा पाटावर बसून जेवले तेव्हा ते मागासलेले! तोच पाट जपानला जाऊन आला की पाहुण्यांना दाखवायचा! चटई आली — तिला चटई म्हणायचं नाही, तातामी म्हणायचं. सरकणारी कागदी दारं आली. कागदी कंदील आले. दारातच मोठं घंगाळ, त्यात पाणी, पाण्यात फुलं. गॅलरीपाशी बालीहून मागवलेली पितळी नळ्यांची झुंबरासारखी वस्तू, वारा आला की किणकिणते. आणि मधोमध बुद्धाचा सुंदर मुखवटा. ज्या महात्म्यानं राजवाडा सोडला, त्याच्याच मुखवट्यानं आपण दिवाणखाना सजवतो! असो. चेहरा शांत होता. त्या घरात तेवढाच एक शांत होता.

पण खरी गंमत पुढे आहे. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत तिनं लाकडी फळ्यांची केली. छतापासून जमिनीपर्यंत एकसारख्या फळ्या, आणि त्यांवर सोनेरी पक्षी रंगवलेले. मान उंच, पंख पसरलेले. ती म्हणायची, "हे क्रौंच आहेत. जपानमध्ये दीर्घायुष्याचं चिन्ह." मी आपला खेडवळ, मला बगळेच वाटले असते. त्या बगळ्यांच्या भिंतीत एक दार होतं. दिसायचं नाही! कडी नाही, मूठ नाही, फट म्हणाल तर केसाएवढी. एका फळीवर अमुक ठिकाणी दाबलं की टक्कन उघडायचं. आसावरीला त्याचा फार अभिमान. म्हणायची, "मलासुद्धा कधीकधी सापडत नाही!"

आणि त्या दारामागे कुणाची खोली? बरोबर. द्वारकाबाईंची.

मंडळी, सून वाईट नव्हती हो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही आत्ताच तिच्या नावानं बोटं मोडायला लागाल आणि स्वतः मोकळे व्हाल. ती सासूला गरम जेवण द्यायची. दम्याचं औषध वेळेवर द्यायची. पायांना तेल लावायची. पण सागवानी देवघर, वाकलेली लोखंडी खाट, वाफ घ्यायचं मशीन — हे त्या जपानात कुठं मांडायचं? सांगा! म्हणून देव आणि म्हातारी दोघांचीही रवानगी बगळ्यांच्या मागं झाली. आणि उरलेलं सामानही तिथंच. कागदाच्या गुंडाळ्या, कंदिलांची खोकी, फोमचे तुकडे, खिडकी झाकून जाईल इतकं रचलेलं.

एकदा मिलिंद म्हणाला होता, "अगं, या दाराला आतून धरायला काही नाही." सुतारानं साधी मूठ लावली होती, ती हिनंच काढायला लावलेली — थीमला शोभत नाही म्हणून. दुसरी बाहेरून मागवली होती, ती यायची होती. ती म्हणाली, "येईल रे. तोवर दार लोटूनच ठेवतो ना आपण. आणि आतून कोण बघतंय?"

आतून कोण बघतंय! मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. मी एक ओळ जुळवली आहे. संतांची नाही हं, माझीच, मोडकीतोडकी, चालवून घ्या —

*दाराला नक्षी, भिंतीला सोनं,*
*आत कोण बसलंय, विचारतंय कोण!*

वाजवा भास्करराव. पुरे. पुरे म्हटलं!

घर झालं. आता? आता दाखवायचं! अहो, न दाखवलेलं घर आणि न वाढलेली पुरणपोळी सारखीच. आसावरीची मामेबहीण रोहिणी, बरीच वर्षं सिंगापुरात राहिलेली. ती नाशिकला आली होती. आसावरीचा जीव टांगणीला! दुसऱ्या कुणी "वा" म्हटलं तर त्याला काय किंमत? जिनं खरं पाहिलंय तिनं म्हणायला हवं! रविवारी संध्याकाळी रोहिणीला आणि चारदोन मैत्रिणींना बोलावलं.

पाहुणे यायच्या आधी ती सासूच्या खोलीत गेली. हळू आवाजात म्हणाली, "आई, तासभर दार लावून घेतलं तर चालेल ना? म्हणजे ते दार उघडं राहिलं की भिंतीचं चित्र तुटतं."

द्वारकाबाई काय म्हणाल्या असतील? रागावल्या? छे! म्हणाल्या, "लाव की गं! मी पोथी वाचत बसते. छान दिसतंय घर. दृष्ट काढ हो रात्री."

दृष्ट काढ! हे म्हणणाऱ्या माणसावर तिनं दार लावलं. टक्! भिंत सलग झाली. बगळे पूर्ण झाले.

आता तुम्हाला माहीत आहे, म्हातारी आत आहे. मिलिंदला माहीत आहे. आसावरीला माहीत आहे. पाहुण्यांना मात्र माहीत नाही, की या भिंतीमागं खोली आहे.

पाहुण्या आल्या. चपला बाहेर, पाय घंगाळापाशी. "अगंबाई!" "किती शांत वाटतंय!" आसावरी पुढे, सगळ्या मागे. हे जपानचं, हे बालीचं, हे चीनचं! कोपऱ्यात जपानी धूप लावलेला, त्याची निळसर रेघ वर चढतेय. भिंतीतल्या स्पीकरवर बासरी आणि झऱ्याचं पाणी. काचा बंद, एसी सुरू. ठेंगण्या टेबलाभोवती सगळ्या मांडी घालून बसल्या. दोघींची मांडी मोडली, त्या पाय पसरून बसल्या, तो भाग वेगळा. मिलिंदनं हिरवा चहा ओतला. रोहिणी अजून "वा" म्हणालेली नाही. नुसती बघतेय. आसावरीचं सगळं लक्ष रोहिणीच्या तोंडाकडे.

बाहेर काय वेळ झाली? दिवेलागणीची!

मंडळी, द्वारकाबाईंच्या अख्ख्या आयुष्यात तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला नाही असं झालेलं नाही. बाळंतपणात नाही, दुखण्यात नाही, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा नाही. हे सुनेला माहीत नव्हतं? रोज बघत होती! मुलाला माहीत नव्हतं? त्या दिव्यापुढं शुभंकरोती म्हणत मोठा झाला! पण त्या दिवशी दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कोंडलेल्या खोलीत, कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये, आपली आई आत्ता काडी ओढणार आहे, हे कुणालाही सुचलं नाही.

त्यांनी काडी ओढली. निरांजन लावलं. हात जोडले. पदर सावरायला वळल्या — आणि कोपर लागलं. निरांजन कलंडलं.

ऐकताय ना? श्वास का रोखलात?

कागद तो! आधी नुसती कड काळी होते. मग तांबडी किनार धावते. द्वारकाबाईंनी तांब्यातलं पाणी ओतलं. तांब्यात असून असून किती असणार? ज्वाळ विझली, पण फोम धुमसायला लागला. धूर! काळा, चिकट धूर. त्या दाराकडे गेल्या. हात फिरवला. धरायला काही नाही! वर फिरवला, खाली फिरवला. गुळगुळीत लाकूड! हाक मारायला तोंड उघडलं, तर दम्याची छाती! धूर आत गेला, आवाज बाहेर येईना. दारावर थाप मारली, पण बाहेर बासरी, झरा, सहा बायकांचं बोलणं.

मग त्यांच्या हाताला काय लागलं? देवाची घंटा. आणि ती बाई घंटा वाजवायला लागली!

किण! किण! किण!

बाहेर एक मैत्रीण म्हणाली, "ऐका! काय गोड आवाज!"

आसावरीचा चेहरा फुलला. गॅलरीकडे हात करून म्हणाली, "बालीचं आहे. वारा आला की वाजतं."

सगळ्या गप्प झाल्या. डोळे मिटले! अहो, डोळे मिटले त्यांनी! एक म्हणाली, "एकदम आतून शांत वाटतं." रोहिणीनं फोन काढला. "थांब, हे मी रेकॉर्ड करते." आणि फोन हातात धरून ती अखेर म्हणाली, "वा, आशू! वा!"

ज्यासाठी एवढा अट्टहास, ते "वा" मिळालं. कशावर मिळालं? म्हातारीच्या जिवाच्या आकांतावर.

अंगावर काटा आला? थांबा. अजून काटा यायचा आहे. कारण त्या दिवाणखान्यात एक माणूस असा होता, ज्याला तो आवाज बालीचा वाटला नाही.

मिलिंद! ती घंटा त्यानंच लहानपणी पाडली होती. कडेला चीर गेली होती तिच्या. तेव्हापासून तिचा नाद फुटका, थोडा खरखरीत. त्या आवाजावर तो झोपेतून उठलेला, त्या आवाजावर प्रसादाला धावलेला. त्यानं पहिल्या ठोक्यालाच ओळखलं, ही आईची घंटा. आणि त्याच्या मनात काय आलं? आई संकटात आहे, असं आलं? नाही! मनात आलं — "आरती! आत्ताच सुचली हिला! आता कुणीतरी विचारणार, भिंतीमागं कोण आहे? मग काय सांगू?"

तो उठला. आणि त्यानं काय केलं, माहीत आहे?

त्यानं संगीत मोठं केलं.

भास्करराव, तबला नको. काही नको. जरा शांत राहू दे.

बासरी मोठी झाली. झरा मोठा झाला. त्याच्याखाली घंटा वाजत राहिली. मग सावकाश झाली. मग अडखळली. मग थांबली. आणि मंडळी, तो मला म्हणाला, "बुवा, घंटा थांबली तेव्हा मला हायसं वाटलं."

हायसं वाटलं!

आता देवाची करणी बघा. घंटा थांबली तशी रोहिणी म्हणाली, "अगं, थांबलं का? जवळून बघू दे." आसावरी मोठ्या उत्साहानं तिला गॅलरीपाशी घेऊन गेली. आणि जागच्या जागी उभी राहिली. काचा बंद. बाहेर पान हलत नाही. पितळी नळ्या सरळ लोंबतायत. एक नळी दुसरीला टेकलेलीसुद्धा नाही.

"मिलिंद," ती म्हणाली, "मग वाजलं काय?"

तो चहाचे कप गोळा करायला लागला.

"मिलिंद! काय वाजत होतं?"

"आईची घंटा," तो म्हणाला. "आरती करत असेल."

"मग थांबली का?"

"झाली असेल आरती."

आसावरीनं भिंतीकडे बघितलं. धुपाची रेघ कोपऱ्यात चढत होती. तशीच आणखी एक रेघ एका बगळ्याच्या पंखातून निघत होती. पण ती निळी नव्हती.

धावली! "आई! आई!" दोन्ही हातांनी फळी दाबली. उघडेना. शेजारची दाबली. उघडेना! कुठली फळी? कुठला बगळा? सगळे सारखे! मान सारखी, पंख सारखे! मिलिंद इकडून दाबतोय, ती तिकडून दाबतेय, पाहुण्या किंचाळतायत, "काय झालं? कोण आई?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं घडवलेल्या भिंतीत, स्वतःच्या आईचं दार सापडेना! सोनं हाताला लागतंय, दार लागत नाही! मिलिंद भिंतीला कान लावून ओरडला, "ते गाणं बंद करा!" कुणीतरी बंद केलं. आणि मग ऐकू आलं. अगदी खाली, जमिनीजवळ — नखांनी लाकूड खरवडल्याचा आवाज.

त्या आवाजाच्या वर त्यानं हात ठेवला. दाबलं. टक्!

धुराचा लोट बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर द्वारकाबाई. दाराला टेकूनच बसल्या होत्या. दार उघडलं तशा त्याच्या पायांवर पडल्या. घंटा अजून मुठीत होती. रोहिणी शहाणी निघाली. दारातलं ते घंगाळ उचललं आणि फुलांसकट पाणी आत ओतलं. त्या घंगाळाचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

सांगतो, सांगतो! चेहरे किती उतरलेत तुमचे! वाचल्या. द्वारकाबाई वाचल्या. दवाखान्यात नळ्या लागल्या, तळहात भाजला होता, आवाज बरेच दिवस घोगरा होता. पण वाचल्या. सोडा श्वास.

सोडलात? आता परत रोखा. कारण आख्यान इथं संपत नाही.

शुद्धीवर आल्या तेव्हा उशाशी मिलिंद होता. त्यांनी आधी विचारलं, "पाहुण्यांना चहा झाला का रे?" तो रडायला लागला. मग त्या त्याच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मी घंटा वाजवत होते रे. तुला ऐकू नाही आली?"

काय सांगायचं त्यानं? मंडळी, तुम्ही सांगा! आग परवडली, हा प्रश्न परवडत नाही.

तो म्हणाला, "नाही आई. ऐकू आली नाही."

त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. मध्येच गाणं मोठं झालं ना, त्यात आली नसेल."

आणि भाजलेल्या हातानं त्याचे डोळे पुसले.

त्यांना कळलं होतं की नव्हतं? मला माहीत नाही. मिलिंदलाही माहीत नाही. तो या ओट्यावर बसून मला विचारत होता, "बुवा, प्रायश्चित्त सांगा." मी कोण सांगणारा! म्हटलं, "आधी त्या दाराला आतून मूठ लाव. मग आईजवळ बस आणि खरं काय ते बोल." काही महिन्यांनी परत आला. म्हणाला, "दारच काढून टाकलं बुवा. देवघर बाहेर आलं, आईची खाट बाहेर आली. आसावरीनंच आणली. पण ते दुसरं जमत नाही. रोज संध्याकाळी घंटा वाजते, आई माझ्याकडे बघून हसते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

रोहिणीच्या फोनमध्ये ते अजून आहे म्हणतात. बासरी, झरा, घंटा, आणि तिचा स्वतःचा आवाज, "वा, आशू! वा!" तिला पुसून टाकवत नाही आणि ऐकवतही नाही.

आता तुमच्याकडे वळतो. उठू नका! चपला कुठं पळून जात नाहीत!

तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडे कुठले सोनेरी बगळे! खरं आहे. पण पाहुणे यायचे म्हटल्यावर कुणाला सांगता, "जरा आत बसा हं"? कुणाची खाट आत जाते? कुणाचा खोकला ऐकू आला की टीव्ही मोठा होतो? लाजू नका, इथं कुणी बघत नाही. तोच तर घोळ आहे, आतून कोण बघतंय असंच आपल्याला वाटतं! आज घरी गेलात की पुढच्या दारातून "वा" म्हणत शिरू नका. सरळ आतल्या खोलीत जा. दार लावून घ्या. आणि ते आतून उघडून बघा, उघडतं का.

*दाराला नक्षी, भिंतीला सोनं,*
*आत कोण बसलंय, विचारतंय कोण!*

चला, आरतीची वेळ झाली. उभे राहा. घंटा कोण वाजवतंय? वाजवा, काकू, तुम्ही वाजवा. पण मंडळी, आज घंटा वाजली की लगेच डोळे मिटू नका. डोळे उघडे ठेवा, आणि आधी नीट ऐका, ती कुठून येतेय.